नऊ लिंगं आणि एक माय

आमच्या वॉर्डाच्या मेंबर बाई पहिल्यांदा माझ्या घरी आल्या तेव्हा मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. त्यांच्या हातात एक जाडजूड वही होती आणि वहीच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, 'नौ लिंग'. मी वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. लिंग, वचन, विभक्ती मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्यातून आमच्याकडे हिंदी एवढी मिसळलेली की 'नौ' दिसलं की आमचे डोळे नऊच वाचतात. मी त्यांना बसा म्हणण्याच्या आधी म्हणाले, "बाई, मराठीत लिंगं तीनच. ही नऊ कुठून आणलीत?"

मेंबर बाई आधी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना एवढं हसू आलं की त्या मिरच्यांच्या पोत्यावरच बसल्या. हसता हसता मिरचीची धस नाकात गेली, त्या शिंकायला लागल्या, आणि मी पाणी आणायला धावले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मला समजावलं. नौ म्हणजे आपली, लिंग म्हणजे भाषा. नौ लिंग, आपली भाषा. त्यांच्या गावाची भाषा.

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या बोरगाव मेघ्यात त्यांना ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, पण मी तोवर त्यांना पाहिलं-ऐकलं होतं ते लांबूनच. त्या दिवशी दोन कप चहात मला सगळी हकीकत नीट कळली. अलिबागच्या खाली, समुद्रकाठी, एका किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. पाच-एकशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज आले, किल्ला बांधला, शिपायांनी इथल्याच बायकांशी लग्नं केली. मग एक दिवस पोर्तुगीज गेले आणि त्यांची लेकरंबाळं तिथंच राहिली. रंग तुमच्या-आमच्यासारखा, शेती वाल-वांग्याची, नेसणं साडीचं. फक्त आडनावं पोर्तुगीज, देव येशू, आणि घरात बोलायला ही भाषा, जी ना पोर्तुगालात कोणाला कळते, ना पलीकडच्या गावात.

त्या नर्स म्हणून इकडे आल्या. इथल्याच एका एक्स-रे काढणाऱ्याशी लग्न झालं. तो माणूस इतका अबोल की त्याच्या तोंडून 'श्वास रोखा' आणि 'सोडा' एवढं ऐकलं तरी पुष्कळ. मुलं झाली, ती हिंदी-वऱ्हाडीत वाढली. बाई स्वतः आता इतकं ठसकेबाज वऱ्हाडी बोलतात की इकडच्या आष्टीची बाई वाटावी. नोकरी सुटल्यावर त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. समोरच्या पार्टीनं कुजबुज सुरू केली की ही तर बाहेरची, फिरंगीण. दुसरी कोणी असती तर रडली असती. ह्यांनी चौकात माईक घेतला आणि सांगितलं, हो, मी फिरंगीण. माझी भाषा बोलणारी सगळ्या जगातली माणसं आणून बसवली तर आष्टीच्या आठवडी बाजारात मावतील आणि वर भाजीवाल्यांना जागा उरेल. एवढ्याशा लोकांनी एवढी वर्षं एक भाषा सांभाळली, मग मी तुमची नाली सांभाळू शकणार नाही का? लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि निवडून दिलं.

आणि तेव्हापासून आमच्या वॉर्डाचं असं झालं की विषय कोणताही असो, गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी जाऊन थांबायची. नाली तुंबली, बाई आल्या, सफाई झाली, आणि जाता जाता नालीवाल्यांना कळलं की कोकणात एक गाव आहे. कचरागाडी बंद पडली, तरी तेच; भाषेसाठी मंत्र्यांना पत्रं जायची ती वेगळीच. स्थानिक पेपरात त्या दर पंधरवड्याला लिहायच्या. सुक्या मासळीचं कालवण, नाताळाचे गोड पदार्थ, लग्नातली गाणी. अर्ध्या वर्ध्यानं समुद्र पाहिलेला नाही, पण सुकट कशी निवडायची ते पाठ आहे.

एकदा आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता होत होता. बाईंनी मजुरांना थांबवलं आणि रेतीचं घमेलं उचलून दाखवलं. म्हणाल्या, हा शब्द आमच्या लोकांनी आणला. घमेलं आमचं, चावी आमची, बादली आमची, साबण आमचा, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पगार हा शब्दसुद्धा आमचाच. एका मजूर बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि शांतपणे विचारलं, "पगार तुमचा आहे तं मंग तो काऊन थांबून राह्यला?" सगळी गल्ली हसली. पण बाई ठेकेदाराच्या मागे हात धुऊन लागल्या आणि त्याच संध्याकाळी मजुरांचे पैसे वाटले गेले. मग त्या परत आल्या, साडीचा पदर खोचला आणि आपलं ते पूर्वजांचं घमेलं स्वतः तीनदा भरून वाहून दाखवलं. त्यांचं वय तेव्हा साठीच्या पलीकडे. मी गॅलरीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई वेडी आहे आणि मला फार आवडते.

तर अशा बाई माझ्याकडे वही घेऊन आल्या होत्या. काम असं की त्यांनी आपल्या भाषेचा शब्दसंग्रह लिहिला होता. आधी शब्द, समोर मराठी अर्थ, मधूनमधून आठवणी. त्याचं पुस्तक करायचं होतं आणि मी ते तपासून द्यायचं होतं. मी म्हटलं, मला तुमची भाषा येत नाही, मी काय तपासणार? त्या म्हणाल्या, "माह्यी भाषा नका तपासू. त्यात तुमचं वऱ्हाडी घुसलं असन, ते काढा. तीस-पस्तीस वर्षं झाली, मॅडम. मलेच कळत नाई आता कोनतं कुठून आलं."

हे काम माझ्या स्वभावाला धरून होतं. माझ्या पर्समध्ये अजूनही लाल पेन असतो. लग्नपत्रिका आली तरी मी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते, मग तारीख. माझा नवरा म्हणतो की यमदूत चिठ्ठी घेऊन आला तरी ही त्याची वेलांटी दुरुस्त करून परत पाठवेल. मी हो म्हटलं.

मग वर्षभर दर रविवारी दुपारी त्या माझ्या अंगणात यायच्या. आमची भांडणं व्हायची ती ऐकायला शेजारच्या वहिनी मुद्दाम भाजी निवडायला कुंपणाशी बसत. भांडणं सगळी शब्दांवरून. एका पानावर मला 'पाय' हा शब्द दिसला आणि समोर अर्थ लिहिलेला, वडील. मी म्हटलं, हे काय, पाय म्हणजे पाय. त्या म्हणाल्या, आमच्यात पाय म्हणजे बाप. मी म्हटलं, मग बापाच्या पायाला काय म्हणता? ह्यावर तासभर गेला. पण मी विचारलं म्हणून पाय वाचला, हे लक्षात ठेवा.

आष्टीला एकदा बायकांच्या मेळाव्यात त्यांना बोलायला बोलावलं होतं. मलाही घेऊन गेल्या. तिथं त्यांनी नेहमीचं सुरू केलं की बटाटा हा शब्द आमच्या लोकांनी दिला, पेरू आमच्या लोकांनी दिला. समोर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बाई, आमी तं आलू म्हनतो. अन् पेरूले जांब म्हनतो. तुमचं इकळे काईच पोचलं नाई." बाईंनी माईक दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, असं असेल तर पुढच्या खेपेला मी बटाटे घेऊन येते. आणि खरंच, पुढच्या वेळी एक गोणी घेऊन गेल्या, बायकांत वाटली, आणि प्रत्येकीकडून 'बटाटा' म्हणवून घेतलं. येताना गाडीत म्हणाल्या की आष्टी जिंकली. घरी गेल्यावर त्या सगळ्या आलूच म्हणत असणार, पण मी बोलले नाही.

त्या रविवारांमधली एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. तीन वाजले की बाईंचा फोन वाजायचा. गावाहून त्यांची आई. वय पंचाऐंशीच्या वर, चर्चहून येऊन जेवून मग फोन करायची. बाई फोन स्पीकरवर ठेवून काम करत करत बोलायच्या. मला त्यातलं अक्षर कळत नसे. सुरुवातीला बाई "माय" म्हणायच्या तेवढंच कळायचं, आणि मला वाटायचं, बघा, इतकी वर्षं इथं राहून बिचारी आईला हाकसुद्धा आमच्याच शब्दानं मारायला लागली. पुढचं सगळं लाटांसारखं नुसतं वर-खाली. पण फोन ठेवण्याच्या आधी म्हातारी दर वेळी एकच वाक्य म्हणायची. ते वाक्य मला सुरावरून ओळखू यायला लागलं होतं, कारण ते ऐकलं की बाईंचा हात थांबायचा. त्या हळूच काहीतरी दोन शब्द म्हणायच्या आणि फोन बंद.

एकदा मी विचारलं. त्या वहीतच बघत म्हणाल्या, "ते इचारते, तिथं तू कोनाशी बोलते? म्हंजे आपल्या भाषेत. मी सांगतो, कोनाशीच नाई."

वऱ्हाडात बायाही कधी 'सांगतो' म्हणून जातात. एरवी मी ते दुरुस्त केलं असतं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या गावी जातात तेव्हा लोक त्यांच्या बोलण्याला हसतात. म्हणतात, तुझ्या बोलण्याला वर्ध्याचा वास येतो. आई हसत नाही, पण तिचा चेहरा पडतो. तिच्या मनात एकच सल आहे की एवढ्या लांब, जिथं समुद्र नाही आणि एक माणूस आपलं बोलणारं नाही, तिथं आपण पोरगी पाठवली आणि ती हरवली. इतक्या वर्षांत ती एकदाही वर्ध्याला आली नव्हती. आता पुस्तकाच्या प्रकाशनाला येणार होती. मंत्र्यांना पाठवलेली पत्रं, पेपरातले लेख, चौकातली भाषणं, ह्या सगळ्याच्या तळाशी काय होतं ते मला त्या दुपारी कळलं. बाईंना जगाला काही दाखवायचं होतंच, पण आधी एका म्हातारीला दाखवायचं होतं की मी हरवले नाही. पुस्तक उघडून आईनं म्हणावं, हो, पोरगी आपलीच आहे.

मला हे समजत होतं. माझे वडील दीक्षा घेतल्यावर रोज सकाळी आम्हाला ओळीनं बसवून पाली वंदना म्हणायला लावत. आमच्या घरात कोणालाच पाली येत नव्हती. पण एक अक्षर चुकलं तर वडील पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचे, कारण त्यांच्या दृष्टीनं ती आमची होती, नव्यानं मिळालेली, आणि आपलं असलेलं चुकीचं म्हणायचं नसतं. माझा लाल पेन तिथून आला आहे. म्हणून मी बाईंना शब्द दिला की तुमच्या पुस्तकात वऱ्हाडीचा एक कण राहणार नाही.

आणि मी शब्दाला जागले. आलू काढला. भेदरं, म्हणजे आमचा टोमॅटो, काढलं. 'मले', 'तुले' सगळे पकडून काढले. बाईंना शेवटचं प्रूफ दाखवायला वेळ नव्हता, कारण नेमकं तेव्हाच पाण्याच्या टाकीचं प्रकरण निघालं होतं, आणि त्या म्हणाल्या, तुमीच पाहा मॅडम, तुमच्यावर माह्या भरोसा आहे. मी पाहिलं, आणि छापायला दिलं.

पुस्तकं प्रकाशनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी आली. तीनशे प्रती. वॉर्डातल्या समाजभवनात गठ्ठे ठेवले होते. बाईंनी पहिली प्रत घेतली, आधी वास घेतला, मग कपाळाला लावली. पहिलं पान उघडलं. मग दुसरं. मग शब्दांचं पहिलं पान, नात्यागोत्याचं. त्यावरून त्यांनी नजर वरून खाली फिरवली, मग पुन्हा वरून खाली. 

"मॅडम," त्या म्हणाल्या, "माय कुठं गेली?"

मी म्हटलं, कोणती माय? त्यांनी बोट ठेवलं. 'पाय: वडील.' त्याच्या खाली सरळ भाऊ. मध्ये काही नाही.

मी अगदी हुशारीनं सांगितलं की तिथं तुम्ही माय लिहिलं होतं, ते वऱ्हाडी आहे, म्हणून मी काढलं. अर्पणपत्रिकेतसुद्धा 'माझ्या मायला' होतं, ते मी 'माझ्या आईस' केलं. शुद्ध केलं.

"ते वऱ्हाडी आहे," बाई म्हणाल्या. "पन आमचंबी हाय. आमच्यात आईले मायच म्हनतात. पाचशे वर्षांपासून."

 वर्षभर दर रविवारी तीन वाजता मी तो शब्द ऐकत होते. फोन उचलला की पहिला तोच. मी पाय वाचवला कारण तो मला परका वाटला आणि मी विचारलं. माय मला माझी वाटली, म्हणून मी विचारलंसुद्धा नाही, सरळ काट मारली. पुस्तकात बाप होता, भाऊ होता, मावश्या होत्या, आणि आई नव्हती. आणि उद्या सकाळच्या गाडीनं ती आई येणार होती, आयुष्यात पहिल्यांदा, हेच पान उघडायला.

मी रडले, हे कबूल करते. तिथंच, पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसून. शाळेत मी पोरांना शुद्धलेखनावरून रडवलं आहे, माझ्यावर ती वेळ पहिल्यांदा आली. मी म्हटलं, सगळं परत छापू, खर्च मी देते, कार्यक्रम पुढे ढकलू. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, पंचाऐंशी वर्षांच्या बाईचं पुढे ढकलता येत नाही.

मग त्यांनी माझ्या पर्समधून लाल पेन काढला. मला विचारलंही नाही. एक प्रत उघडली, पायाच्या आणि भावाच्या मध्ये जी बारीकशी जागा होती तिथं लिहिलं, 'माय: आई'. मग अर्पणपत्रिकेवर माझं 'आईस' खोडलं आणि वर लिहिलं, 'मायला'. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जमते. बोलवा सगळ्याईले."

बचत गटाच्या बायका आल्या. कोणी भाजी टाकून, कोणी मशीनवरचं शिवण सोडून. शेजारच्या वहिनी तर पोळपाट-लाटणं हातात घेऊनच आल्या, का ते त्यांनाही माहीत नव्हतं. आम्ही समाजभवनात सतरंजीवर गोल करून बसलो. पेन कमी पडले तेव्हा कोणीतरी दुकानातून लाल पेनांचं पाकीट आणलं. काम काय ते समजावलं तेव्हा एक जण म्हणाली, "बाई, माय तं आपलाच शब्द हाय. त्यात इसराचं काय?" सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. मी मान खाली घालून लिहीत राहिले.

तीनशे प्रती, सहाशे वेळा माय. कोणाची काठीसारखी सरळ अक्षरं, कोणाची लहान मुलासारखी गोल. एकीला लिहिता येत नव्हतं, तिनं पहिल्या प्रतीवर बघून बघून चित्र काढल्यासारखं काढलं, आणि दहाव्या प्रतीनंतर न बघता लिहायला लागली. ती म्हणाली की आता मले एक शब्द तरी लिहिता येते, अन् तो बी चांगला. मेंबर बाई मध्येच गाणं म्हणायच्या, लग्नातलं, त्यांच्या भाषेतलं, आणि बायका अर्थ न कळता टाळ्या धरायच्या. चार वाजेपर्यंत सगळं झालं. माझी बोटं लाल झाली होती. त्या एका दुपारी मी जितकी हसले तितकी निवृत्तीनंतर कधी हसले नव्हते, आणि मला लाज वाटत होती की चूक माझी आणि मजाही मीच करून राहिले.

शेवटची प्रत आईसाठी ठेवली होती. ती मी लिहिली. माझं अक्षर शाळेत फळ्यावर दाखवण्यासारखं होतं. त्या दिवशीही मी ते वेळ घेऊन तसंच काढलं.

रविवारी सकाळी बाई आणि त्यांचे यजमान स्टेशनवर गेले. आम्ही सगळ्या समाजभवनाच्या दारात उभ्या राहिलो. ओवाळायला ताट, आणि पायावर घालायला तांब्यात पाणी, आमच्याकडे पाहुण्याचं करतात तसं. गाडी आली. आधी बाईंचा भाऊ उतरला, मग त्याचा हात धरून एक चिमुकली म्हातारी. निळी साडी, गळ्यात बारीक सोन्याचा क्रूस, आणि चेहरा असा घट्ट मिटलेला. ती इकडे तिकडे बघत होती, समुद्र नसलेल्या ह्या गावाकडे. मला तिची भीती वाटली, खरं सांगते. मेंबर बाई तिच्या मागे उभ्या होत्या, ठेकेदारांना घाम फोडणारी बाई, आणि परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरीसारख्या पदर पिळत होत्या.

तेवढ्यात काल लिहायला शिकलेली ती बाई तांब्या घेऊन पुढे झाली. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. ती आपल्या घरी आलेल्या कोणत्याही म्हाताऱ्या बाईला म्हणते तेच म्हणाली.

"ये माय. पाय धू, माय."

म्हातारी थांबली. तिनं त्या बाईकडे बघितलं. मग माझ्याकडे, मग वहिनींकडे. वहिनींनी मान हलवली आणि म्हणाल्या, "ये माय, बस." मागून दुसरी म्हणाली, "थकली असन माय." म्हातारीचा चेहरा हळूहळू सुटत गेला. तिनं पाय धुवून घेतले, ओवाळून घेतलं, आत येऊन बसली. मी तिच्या हातात प्रत दिली, नात्यांचं पान उघडून. तिनं चष्मा लावला, लाल अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि लेकीकडे वळून एक लांबलचक वाक्य बोलली. मी सूर ओळखते तिचा. हे नेहमीचं वाक्य नव्हतं.

मेंबर बाईंनी तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं त्या रडतात, मग वाटलं हसतात. दोन्ही होतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "म्हनते, तू मले खोटं काऊन सांगत होती? इथं तं सगळ्याच आपलं बोलतात."

आता कोकणातल्या त्या म्हातारीला मराठी चांगलं येतं. मराठीत पाय म्हणजे बाप नव्हे, हे तिला माहीत असणारच. ती खरंच फसली होती की सगळं कळून म्हणाली, हे मला आजही ठाऊक नाही, आणि मेंबर बाईंनाही नाही. बाईंनी मला डोळ्यांनी विचारलं की सांगू का हिला. तीस वर्षं मी लोकांच्या चुका दुरुस्त केल्या. मी नको म्हणून मान हलवली.

अजूनही रविवारी तीन वाजता फोन वाजतो. आता शेवटचं ते वाक्य येत नाही. त्याऐवजी म्हातारी विचारते की ती बाई आहे का जवळ, आणि मेंबर बाई फोन माझ्या हातात देतात. मी म्हणते, "माय." आणि पलीकडून ती बोलत सुटते.